कुलूप कच्चे आहे, हे कुणी सांगायचे?

(जांबोटी येथे भागातील मराठी बांधवांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वाचकांच्या सोयीसाठी थोडा आवरून घेतला आहे.)



मी बँकेत कारकून आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचे. वीसएक वर्षे काउंटरवर बसून नोटा मोजल्या, स्लिपा तपासल्या, सह्या पडताळल्या. तेव्हा 'यंत्रांची सुरक्षा आणि ती तपासणाऱ्यांची नीती' असा विषय मी घेतला, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण प्रत्येक निवडणुकीनंतर आपल्या चावडीवर एकच वाद रंगतो. एक जण म्हणतो, मशीनमध्येच घोळ आहे. दुसरा म्हणतो, हरलात म्हणून मशीनला नावे ठेवता. दोघांपैकी एकानेही मशीन उघडून पाहिलेले नसते. मग ते उघडून पाहायचे कुणी? पाहिले तर तो गुन्हा होतो का? आणि आत काही सापडले तर ते कुणाला सांगायचे? आज मला एवढेच बोलायचे आहे.

सुरुवात आपल्याच घरापासून करतो. १९९६ सालची बेळगावची लोकसभा निवडणूक येथील ज्येष्ठांना आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होतो. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष जावे म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने उमेदवारी अर्जांचा पाऊस पाडला. या एका मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी आंध्रात नलगोंड्याला ४८० आणि तामिळनाडूत मोदकुरिची विधानसभा मतदारसंघात १०३३ उमेदवार होते. ४५६ नावांची मतपत्रिका छापायची, मतदाराने त्यातून आपले चिन्ह शोधायचे आणि ती घडी घालून पेटीत टाकायची! म्हातारी माणसे मेटाकुटीला आली होती, असे माझे वडील सांगत.

आपण तेव्हा काय केले, ते नीट पाहा. कायदा एकही मोडला नाही. अनामत रक्कम पाचशे रुपये होती, ती रीतसर भरली. अर्ज रीतसर दिले. आणि निवडणुकीच्या यंत्रणेत एक फट आहे, ती किती ताणली जाऊ शकते, हे उघड्यावर, स्वतःच्या नावानिशी, सगळ्या देशाला दाखवून दिले. परिणाम काय झाला? अशा अनुभवांनंतर त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. लोकसभेची अनामत दहा हजारांवर गेली आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक आणण्याची अट आली. म्हणजे सरकारने फट बुजवली. आपला प्रश्न मात्र तिथेच राहिला, ते दुःख वेगळे. पण फट दाखवणारा आणि फटीतून चोरी करणारा यांतला फरक सीमाभागातल्या माणसाला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

आता मुंबईकडे वळू. २०१० सालची गोष्ट आहे. हैदराबादचे हरिप्रसाद नावाचे एक अभियंता, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक हाल्डरमन आणि हॉलंडचे रॉप खॉन्ग्रेप, अशा तिघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भारतीय मतदान यंत्र उघडून तपासले. त्यांनी काय केले, ते साध्या शब्दांत सांगतो. मतदान अधिकाऱ्यासमोर जो भाग असतो, ज्याला कंट्रोल युनिट म्हणतात, त्यावर निकालाचे आकडे दिसतात. ती आकडे दाखवणारी पट्टी काढून त्यांनी हुबेहूब तशीच दुसरी बसवली. तिच्या आत एक छोटी चिप आणि ब्लूटूथ दडवले. बाहेरून मोबाईलवरून इशारा दिला की मोजणीच्या वेळी पट्टी खोटे आकडे दाखवणार! दुसरा प्रकार म्हणजे चिमट्याएवढे एक उपकरण. ते आतल्या स्मरण-चिपला लावले की साठवलेली मते बदलतात.

निवडणूक आयोगाचे उत्तरही सांगितले पाहिजे, नाहीतर मी अर्धीच चोपडी वाचली असे होईल. आयोगाचे म्हणणे असे की, हे यंत्र कुठल्याही जाळ्याला जोडलेले नसते. ते सीलबंद असते, पहाऱ्यात असते, कुठले यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार हे आधी कळत नाही, आणि मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान होते. यात तथ्य आहे. त्या तपासणाऱ्यांनाही यंत्र हातात घेऊन उघडावेच लागले होते. घरात बसून देशभरची मते फिरवता येतात, असे त्यांनी कधीच दाखवले नाही. त्यांनी दाखवले ते इतकेच की, जोडलेले नसलेले यंत्रही चार आण्याच्या सुट्या भागाने 'जोडलेले' करता येते आणि मग सगळी भिस्त पहाऱ्यावर आणि सीलवर उरते.

पण पेच पुढेच आहे. ते यंत्र आले कुठून? त्यावरच्या क्रमांकावरून ते मुंबई जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातले असल्याचे निघाले. चोरीची फिर्याद झाली. ऑगस्ट २०१० मध्ये पोलिसांनी हरिप्रसादांना हैदराबादला घरून अटक करून मुंबईला आणले. यंत्र कुणी दिले, ते नाव त्यांनी सांगितले नाही. आठवडाभराने जामीन झाला आणि त्यांचा हेतू अप्रामाणिक दिसत नाही, अशा आशयाचे मत न्यायदंडाधिकाऱ्यांनी नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका नामवंत संस्थेने हरिप्रसादांचा गौरव केला. एकाच माणसाला एकाच वर्षी बेडी आणि हारही!

तुम्ही विचाराल, परवानगी घेऊन का नाही तपासले? घ्यायचा प्रयत्न झाला होता. २००९ च्या सप्टेंबरात आयोगाने हरिप्रसादांना बोलावले होते. पण आतले भाग तपासण्यापर्यंत गोष्ट आली तेव्हा ते थांबवण्यात आले. पुढचे दार बंद झाल्यावर माणूस मागच्या दाराने आला. मागच्या दाराने येणे बरोबर, असे मी म्हणणार नाही. बँकेतला माणूस ते म्हणूच शकत नाही. पण पुढचे दार बंद कुणी केले, हेही विचारले पाहिजे.

या प्रकरणाचे फळ काय? त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वपक्षीय बैठकीत मताची कागदी पावती असावी हा विचार पुढे आला. २०१३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने अशी पावती आवश्यक असल्याचे सांगून ती टप्प्याटप्प्याने आणण्यास फर्मावले. आज बटण दाबल्यावर काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती ही. २०१९ मध्ये कोर्टाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा घ्यायला सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी कोर्टाने फेटाळली. पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी मागण्याची सोय दिली. म्हणजे चौदा वर्षांनी का होईना, पुढच्या दाराची एक फळी किलकिली झाली.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. लेखापरीक्षणाच्या पेपरला आम्हाला इंग्लंडमधला १८९६ चा एका कापड गिरणीचा खटला असायचा. न्यायाधीशांनी सांगितले होते की, लेखापरीक्षक हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढत फिरणारा शिकारी कुत्रा नव्हे. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. पुढे बँकेत आल्यावर त्याचा अर्थ कळला. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. मधेच कधीतरी न सांगता तपासणीचा माणूस येतो आणि म्हणतो, हातातले काम थांबवा, रोकड मोजायची आहे. आम्हाला राग येत नाही. तो आम्हाला चोर समजतो, असेही वाटत नाही. उलट त्याने मोजून सही केली की रात्री झोप चांगली लागते. तपासणी हा अविश्वास नव्हे, विश्वासाचा तो पाया आहे. मात्र त्या माणसाचेही नियम असतात. तो पत्र घेऊन येतो. मोजतो, पण खिशात घालत नाही. खातेदाराची माहिती बाहेर बोलत नाही. आणि चूक सापडली तर ती आधी दुरुस्त करू शकणाऱ्याला लेखी कळवतो. तेवढ्यावर काही झाले नाही तर वर जातो.

यंत्र तपासणाऱ्याला हेच चार नियम लावून पाहा. पहिला, यंत्र कुणाचे? स्वतः विकत घेतलेले उपकरण उघडणे वेगळे आणि दुसऱ्याचे उघडणे वेगळे. अमेरिकेत २०१६ पासून कायद्याने रीतसर मिळवलेले उपकरण, अगदी मतदान यंत्रसुद्धा, सद्हेतूने तपासायला सवलत आहे. तिथे जुनी मतदान यंत्रे लिलावात विकत मिळतात, म्हणून हे शक्य होते. आपल्याकडे ती बाजारात मिळतच नाहीत. मग तपासणाऱ्याने ती आणायची कुठून?

दुसरा, सापडलेल्या दोषातून फायदा कुणाचा? २०१६ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या तज्ज्ञांना हृदयात बसवायच्या पेसमेकरमध्ये दोष आढळले. त्यांनी ते उत्पादक कंपनीला सांगण्याआधी शेअर बाजारातल्या एका गुंतवणूक संस्थेला सांगितले. त्या संस्थेने उत्पादकाचे शेअर पडतील असा सौदा आधी केला आणि मग अहवाल जाहीर केला. शेअर पडले. पुढे २०१७ मध्ये तिथल्या औषध नियामकाने सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी सुधारित प्रणाली घेण्याची सूचना काढली. म्हणजे दोष खराच होता. पण मधल्या काळात ज्याच्या छातीत ते यंत्र होते, त्या म्हाताऱ्याच्या जिवाची घालमेल कुणाच्या खतावणीत मांडायची? दोष खरा असणे पुरेसे नाही, तो कुणाला आधी सांगितला हेही मोजले जाते.

तिसरा, किती खोल जायचे? आणि चौथा, सांगायचे कुणाला? या दोन्हींसाठी मी माझ्याच हातून झालेली चूक सांगणार आहे. इतकी वर्षे ती कुणाला सांगितली नव्हती.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या भागातलाच एक मुलगा, डिप्लोमाला होता, सुट्टीत कॅमेरे बसवणाऱ्याच्या हाताखाली कामाला जायचा. गावाचे नाव सांगत नाही, मुलाचेही नाही. एके दिवशी संध्याकाळी घरी आला. म्हणाला, "मामा, त्या सोसायटीतला कॅमेरा उघडाच आहे की. कंपनीतून आला तसाच पासवर्ड ठेवलाय. कुठूनही बसून बघता येतंय." आणि त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर काउंटर दिसत होते. सोने तारण ठेवायला आलेली एक बाई पदराची गाठ सोडत होती. तिला ओळखायला मला क्षण लागला नाही.

मी काय केले? आधी मोबाईल बंद करायला लावला. मग म्हणालो, "नसत्या भानगडीत कशाला पडतोस? उद्या तुझ्यावरच यायचं. गप्प बस." तो म्हणाला, "मग सांगायचं कुणाला?" मी उत्तर दिले नाही. तरी तो पोरगा दुसऱ्या दिवशी तिथे गेला आणि सांगून आला. त्यांनी त्याला विचारले, "तुला आत बघायला कुणी सांगितलं होतं? पोलिसात देऊ काय?" तो जो गप्प झाला, तो झालाच. तिथले कुणी माझ्या ओळखीचे नव्हते असे नाही. एक शब्द टाकला असता तर काम झाले असते. पण मी टाकला नाही. आपल्या नोकरीवर बालंट नको, हा हिशेब मी केला.

आता त्या मुलाचे चुकले का? थोडे चुकले. पासवर्ड कारखान्यातलाच आहे, हे कळल्यावर त्याने तिथेच थांबायला हवे होते. दार नुसते लोटलेले आहे हे पाहण्यासाठी घरात शिरून कोण काय करते, ते पाहायची गरज नव्हती. त्या बाईची अडचण तिच्या घरातली होती, ती आम्हा दोघांना पाहायचा अधिकार नव्हता. पण सांगायला गेला, हे त्याचे बरोबर होते. आणि माझे सगळेच चुकले.

हा प्रश्न एका सोसायटीपुरता नाही. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक घातक प्रोग्राम जगभर फिरला. त्याच्याकडे विद्या कसली होती? कारखान्यातून येणाऱ्या साठेक नावा-पासवर्डांची एक यादी! तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे आणि इंटरनेटच्या पेट्या ताब्यात घेतल्या आणि ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास आडव्या पाडल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना पत्ताही नव्हता. २०२५ मध्ये गुजरातेतल्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांतील बायकांची चित्रे बाजारात विकली जात असल्याचे उघडकीस आले. आपल्या सरकारनेही एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली. पण भिंतीवर आधीच लटकलेल्या कॅमेऱ्यांचे काय? ते कच्चे आहेत हे आधी कुणाला कळणार, चोराला की त्या पोराला? पोराला धमकावून गप्प केले तर उरला कोण?

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरले तर भरपाई द्यावी लागते. कलम ६६ नुसार तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे हेतूला कायद्यात जागा आहे. पण हेतू सिद्ध होईपर्यंत पोराला चौकीच्या किती पायऱ्या चढाव्या लागतील, याला उत्तर नाही. दोष कळवायला केंद्र सरकारची सर्ट-इन नावाची यंत्रणा आहे. ती २००४ पासून काम करते. जांबोटीच्या किती जणांनी तिचे नाव ऐकले आहे? हात वर करू नका, मीही त्या संध्याकाळी ऐकलेले नव्हते.

मंडळी, मतदान यंत्राकडे परत येतो. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी विधानसभा निकालावर शंका घेऊन आपल्या गावात मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झाले नाही, गुन्हे मात्र दाखल झाले. खरे सांगायचे तर त्या मतदानाने यंत्राचे काहीच सिद्ध झाले नसते. दोन आठवड्यांत माणसाचे मन बदलू शकते आणि गावासमोर दिलेले मत गुप्त राहत नाही. पण लोकांना शंका आली तर ती फेडायला सोपी, स्वस्त आणि उघड वाट हवी. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की, मतदानाचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर पासबुक खातेदाराला वाचता आले पाहिजे.

आपल्यापुरते काय करायचे, ते सांगून थांबतो. सीमाभागातल्या माणसाकडे मतपेटी आणि अर्ज याखेरीज दुसरे हत्यार कधीच नव्हते. म्हणून पुराव्याशिवाय 'मशीन खोटे' म्हणू नका. तसे म्हणणे म्हणजे आपल्याच पोराला 'मत देऊन काय उपयोग' असे शिकवणे आहे. पण तपासायचा हक्कही सोडू नका. आपले मतदान प्रतिनिधी चाचणी मतदानाला पहाटे वेळेवर हजर राहू देत. सीलचे क्रमांक वहीत लिहून घ्या. मतदान संपल्यावर १७ सी नमुन्याची प्रत सही घेऊन ताब्यात घ्या आणि मोजणीच्या दिवशी आकडा ताडून पाहा. याला अभियंता लागत नाही. चौथी शिकलेली माणसेही हे करू शकतात.

दुसरे, आपल्या पतसंस्था, दूध संस्था, शाळा, मंडळे यांनी आजच्या आज कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदलावेत. आणि फलकावर दोन ओळी लिहाव्यात: आमच्या यंत्रणेत दोष आढळल्यास अमुक व्यक्तीला कळवावे, सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही. त्या दोन ओळी म्हणजे पुढचे दार आहे. ते उघडे असेल तर आपली पोरे मागच्या दाराने जाणार नाहीत.

तो मुलगा आता पुण्याला आहे. परवानगीचे पत्र घेऊन कंपन्यांची यंत्रे तपासायची आणि दोष लिहून द्यायचे, हीच त्याची नोकरी आहे. गेल्या गणपतीला आला होता. आरती झाल्यावर प्रसाद हातात घेत त्याने विचारले, "मामा, त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला काय हो?"

मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या सोसायटीत गेलो आणि विचारले. पासवर्ड तोच होता.

तो मी समोर उभे राहून बदलायला लावला. पाच मिनिटांचे काम होते.

जय हिंद, जय महाराष्ट्र!